दमा दमाबरोबरच जातो का?

आमच्या मोहल्ल्यात एक म्हण होती. तशी हिंदीतली, पण नागपुरात हिंदी आणि मराठीला एकमेकींच्या घरी जाताना दार वाजवावे लागत नाही. त्यामुळे आमच्या दादीप्रमाणेच शेजारच्या मराठी आजीही ती सर्रास वापरत. 'दमा दम के साथ जाता है.' एकदा दमा लागला की तो शेवटच्या श्वासाबरोबरच जायचा, असा त्याचा अर्थ. ही म्हण म्हणजे एक भाकीतच आहे. ते खरे की खोटे, हे तपासायला माणसाला बराच काळ लागला. तपासून झाल्यावरही आमच्या घरात जे घडायचे ते घडलेच. मी डॉक्टर नाही. बी.ए. पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण या एका शब्दाने माझ्या घरातल्या दोन पिढ्यांशी जो खेळ केला, त्यामुळे मला त्याच्या इतिहासामागे जावे लागले.

१९७५ चा पावसाळा असेल. मी सात वर्षांचा आणि धाकटी बहीण दोन वर्षांची. मोमिनपुऱ्यातले आमचे घर. आजूबाजूला हातमागांची खटखट. सर्दी झाली की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बहिणीच्या छातीतून आवाज यायचा. बारीक, लांबट, पिपाणीसारखा. अम्मी तिला खांद्यावर उभी धरून रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालायची. शेजारच्या आजी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायला आणून द्यायच्या. हकीमसाहेबांनी नाडी पाहून 'जीकुन्नफस' म्हटले आणि चाटण दिले. एका डॉक्टरांनी 'प्रायमरी आहे' म्हणून क्षयाची इंजेक्शने सुरू केली. तीन महिने ती सुई पाहून किंचाळत होती. कुणी न्यूमोनिया म्हणाले, कुणी ॲलर्जी. मोहल्ल्याने मात्र आपले निदान केव्हाच करून टाकले होते. दमा.

मग तो आवाज थांबला. केव्हा, ते कुणालाच सांगता येणार नाही. आजार येतो तेव्हा सारे घर जागे होते. जातो तेव्हा कुणी तारीख लिहून ठेवत नाही. ती पहिलीत गेली त्या पावसाळ्यात वाजली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आजार गेला, पण नाव राहिले. शाळेत तिला कवायतीतून सूट, बर्फाचा गोळा बंद, सहल बंद. १९९२ मध्ये तिच्यासाठी आलेले एक चांगले स्थळ परत गेले. निरोप एका वाक्याचा होता, 'लडकी को दमा है.' तेव्हा तिची छाती वाजून बारा वर्षे उलटली होती.

त्या घरावर मी अनेक वर्षे राग धरला. पुढे वाचू लागलो तेव्हा कळले, की त्यांनी फक्त म्हणीवर विश्वास ठेवला होता. आणि म्हणीपेक्षा शहाणे बोलणारी माणसे फार पूर्वी होऊन गेली होती.

चरकसंहितेत श्वासाच्या विकारांचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला 'तमक श्वास' म्हणजे आजच्या दम्याचा जवळचा नातेवाईक. ढग, पाऊस, गारवा आणि पूर्वेचा वारा यांनी तो वाढतो, रोग्याला आडवे होता येत नाही, बसले की बरे वाटते, गळ्यात घुरघुर वाजते, हे सारे तिथे आहे. त्याहून महत्त्वाचा आहे तो शेवटचा निवाडा. हा रोग 'याप्य' आहे, म्हणजे काबूत ठेवण्याजोगा. मात्र नवा असेल तर बराही होऊ शकतो. म्हणजे चरकाने सरसकट जन्मठेप सुनावली नव्हती. कोणता टिकेल आणि कोणता जाईल, असा प्रश्न असतो हे त्याला ठाऊक होते.

बाराव्या शतकाच्या अखेरीस कैरोमध्ये मूसा इब्न मैमून या ज्यू वैद्याने एका बड्या घरच्या रोग्यासाठी अरबीत दम्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्या रोग्याचा त्रास पावसाळी दिवसांत साध्या सर्दीने सुरू व्हायचा. अगदी आमच्या बहिणीसारखा! त्या पुस्तकात औषधांइतकाच भर हवा, अन्न, झोप आणि राहणी यांवर आहे. १८६० मध्ये लंडनच्या हेन्री हाइड सॉल्टर या डॉक्टराने दम्यावर मोठा ग्रंथ लिहिला. तो स्वतः दमेकरी होता. दम्याच्या झटक्यावर त्याने कडक काळी कॉफी सुचवली. लहान वयातल्या रोग्याला बरे होण्याची आशा जास्त, असे त्याचे निरीक्षण होते.

पण निरीक्षण वेगळे आणि मोजणी वेगळी. डॉक्टरकडे येतात ती आजारी मुले. जी बरी होतात ती येईनाशी होतात आणि डॉक्टरच्या नजरेतूनही जातात. त्यांचे काय झाले हे कळायचे, तर एकच उपाय. मुलांची यादी करायची आणि वर्षानुवर्षे त्यांच्या मागे जायचे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये १९६४ साली सात वर्षांच्या मुलांपासून अशी पाहणी सुरू झाली, आणि ती मुले पन्नाशीला पोहोचेपर्यंत चालली. लहानपणी फक्त सर्दीबरोबर छाती वाजणाऱ्यांपैकी बरेच जण पुढे मोकळे झाले. ज्यांचा दमा बालपणीच तीव्र होता, त्यांच्यातल्या बहुतेकांची मात्र त्यातून सुटका झाली नाही.

याहून एक पाऊल मागे गेले ते अमेरिकेतल्या ॲरिझोनाचे टक्सन शहर. वाळवंटाच्या कडेला वसलेल्या या गावात १९८० पासून १,२४६ नवजात बाळांची नोंद झाली. आजारी पडण्याआधीच! फर्नांडो मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पहिल्या सहा वर्षांचा हिशेब मांडला. ढोबळ मानाने सांगायचे तर शंभरातल्या ५१ मुलांची छाती कधीच वाजली नाही. वयाच्या तिसऱ्या वर्षाआधी वाजली अशी ३४ मुले. त्यातल्या २० जणांचा आवाज सहाव्या वर्षापर्यंत थांबला होता, १४ जणांचा टिकला. उरलेल्या १५ मुलांचा त्रास तिसऱ्या वर्षानंतर सुरू झाला.

पुन्हा एकदा पाहा. चौतीसपैकी वीस. तान्ह्या वयात छाती वाजणाऱ्या पाच मुलांतली तीन शाळेत जाण्याच्या सुमारास मोकळी. पहिल्या गटातल्या बऱ्याच मुलांच्या श्वासनळ्या जन्मतःच थोड्या अरुंद होत्या. सर्दीची सूज आली की त्यांतून शिट्टी वाजायची. मूल वाढले, नळ्याही वाढल्या. हा हिशेब मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कागद बाजूला ठेवून बहिणीला फोन केला होता.

पुढचा प्रश्न साहजिक होता. ती वीस कोणती आणि ही चौदा कोणती, हे तिसऱ्या वर्षीच ओळखता येईल का? २००० मध्ये टक्सनच्याच माहितीवरून होसे कास्त्रो-रोद्रिगेस आणि सहकाऱ्यांनी एक चाळणी तयार केली. दम्याचे भाकीत करणारा निर्देशांक. पहिल्या तीन वर्षांत छाती वारंवार वाजलेली असावी, आणि त्याबरोबर दोन मोठ्या खुणांपैकी एक असावी. आईला किंवा वडिलांना दमा, किंवा मुलाला इसब. या नसतील तर तीन लहान खुणांपैकी दोन. ॲलर्जीची सर्दी, सर्दी नसतानाही छाती वाजणे, आणि रक्तात इओसिनोफिल पेशी चार टक्के किंवा अधिक. बस, एवढेच. ना मोठे यंत्र, ना महागडी तपासणी.

ही चाळणी किती खरी ठरली? ज्यांच्यात या खुणा होत्या त्यांच्यापैकी ७६ टक्के मुलांना सहा ते तेरा या वयात केव्हा ना केव्हा दमा आढळला. ज्यांच्यात नव्हत्या त्यांच्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक मुलांना आढळला नाही. पण नीट पाहिले तर चाळणीची भोके मोठी होती. शाळेच्या वयात दमा असलेली बहुतेक मुले तिसऱ्या वर्षी तिच्यातून निसटलेलीच होती. तिचा खरा उपयोग उलट्या बाजूने होता. फक्त सर्दीत वाजणाऱ्या, इसब नसलेल्या, आईवडिलांना दमा नसलेल्या मुलाच्या घराला बऱ्याच विश्वासाने 'घाबरू नका' म्हणता येऊ लागले. माझी बहीण त्या चाळणीत घातली असती तर? अम्मी-अब्बांना दमा नाही. इसब नाही. सर्दीशिवाय कधी वाजली नाही. त्या वेळी रक्त कुणी तपासले नाही; पण तपासले असते, तरी एकट्या त्या खुणेवर ती अडकली नसती. १९७५ मध्ये ही चाळणी जगात कुठेच नव्हती, हेही खरे.

मग माणसाला वाटले, भविष्य कळले तर ते बदलताही येईल. अमेरिकेत दोन-तीन वर्षांची, निर्देशांकात बसणारी २८५ मुले घेतली. निम्म्यांना दोन वर्षे रोज श्वासातून घ्यायचे स्टिरॉइड दिले, निम्म्यांना औषध नसलेला फवारा. नंतर एक वर्ष सर्वांचे औषध थांबवून पाहिले. २००६ मध्ये निकाल आला. औषध चालू होते तोवर मुलांना त्रास खूप कमी झाला. थांबवल्यावर तिसऱ्या वर्षी दोन्ही गट सारखेच. म्हणजे औषधाने आजचा श्वास सुधारला. उद्याचा दमा रोखला नाही. डॉक्टरांना हा निकाल निराशेचा वाटला असेल. मला तो प्रामाणिक वाटतो.

आता हे सारे आपल्या विदर्भात आणून पाहू. टक्सनची चाळणी इथे जशीच्या तशी चालते का?

पहिली अडचण रक्ताची. इओसिनोफिल पेशी ॲलर्जीत वाढतात, तशा जंतांनीही वाढतात. शिवाय नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा पट्टा. इथल्या घराघरांत हत्तीरोगाच्या गोळ्या वाटल्या जातात. त्याच हत्तीरोगाच्या जंतूंमुळे काहींना रात्रीचा खोकला येतो, छाती वाजते आणि रक्तातल्या त्या पेशी भरमसाट वाढतात. जामनगरला काम करणाऱ्या वाइनगार्टेन या डॉक्टराने १९४३ मध्ये या विकाराला 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' हे नाव दिले. टक्सनमधल्या चार टक्क्यांचा अर्थ इथे तोच निघेल असे नाही.

दुसरी अडचण न्यूमोनियाची. नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत बालमृत्यू रोखण्याचे काम केले. तिथे गावातल्या साध्या माणसांना मुलांचे श्वास मोजायला शिकवले. निरक्षर दाईलाही मोजता यावे म्हणून मण्यांचे साधन केले. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा चाळीस किंवा जास्त असेल, तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचे, हा जगभर मान्य झालेला नियम. बंगांचा गावपातळीवरचा प्रयोग १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. न्यूमोनियाने दगावणारी मुले त्याने वाचली. पण छाती वाजणाऱ्या मुलाचाही श्वास जलदच असतो. मोजणीला दोघे सारखेच दिसतात. या गुंत्याचा छडा लावण्यासाठी नागपूरसह देशातल्या काही मोठ्या रुग्णालयांनी मिळून १,६७१ मुलांवर अभ्यास केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य न्यूमोनिया आणि छातीत शिट्टी असलेल्या या मुलांपैकी निम्म्यांना ॲमॉक्सिसिलिन दिले, निम्म्यांना नुसत्या पुड्या. पुड्यांवर शंभरातल्या २४ मुलांचा उपचार फसला, औषधावर २० जणांचा. फरक थोडा, पण औषध अजिबात नको असे म्हणण्याइतका थोडा नाही. तेव्हा आमच्या बहिणीच्या आजाराला चार डॉक्टरांनी चार नावे दिली, त्यात सारा दोष त्यांचा होता असे मी आता म्हणत नाही.

तिसरी अडचण शब्दाची, आणि ती मला जवळची. डॉक्टर ज्याला 'व्हीझ' म्हणतात, त्याला आपल्याकडे एकच नेमका शब्द नाही. नाक चोंदले तरी घरघर, घशात कफ अडकला तरी घरघर, छाती वाजली तरी घरघर. खरी शिट्टी श्वास सोडताना छातीतून येते. १९९० च्या दशकात मुलांच्या दम्याची जागतिक पाहणी झाली. तिच्यात आपल्याकडचे अकोला होते, पुणे, मुंबई होते, गोव्यातले ओर्ली होते. तिचा मुख्य प्रश्न, 'गेल्या बारा महिन्यांत छातीत शिट्टीसारखा आवाज आला का?' या एका प्रश्नावर सारी आकडेवारी उभी राहते. ऐकणाऱ्याने आवाज ओळखला नाही, तर उत्तर चुकणार. आता निदान एक सोय झाली आहे. रात्री मूल वाजत असताना आईने मोबाइलवर छातीचा व्हिडिओ काढावा आणि सकाळी डॉक्टरांना दाखवावा.

चौथ्या अडचणीसाठी मला पुन्हा घरी यावे लागेल. सुनेने परवानगी दिली म्हणूनच सांगतो.

आमची नात पावणेतीन वर्षांची असताना एका हिवाळ्यात चौथ्यांदा वाजली. मी आणि सून तिला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी शांतपणे प्रश्न विचारले. किती वेळा? सर्दी नसतानाही? अंगावर इसब? मग विचारले, "आईवडिलांपैकी कुणाला दमा?" सून म्हणाली, "नाही." मीही मान हलवली. डॉक्टरांनी लिहून घेतले.

त्या रात्री जेवणे झाल्यावर ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. "अब्बा, मी डॉक्टरांना खोटं बोलले." हातात पर्स होती. तिच्यातून तिने पंप काढला. कॉलेजात असल्यापासून ती तो घेत होती. लग्नाच्या वेळी तिच्या अम्मीने बजावले होते, सासरी दम्याचे नाव काढायचे नाही. पाच वर्षे माझ्या घरात एक मुलगी न्हाणीघराची कडी लावून श्वास घेत होती. तिच्या नवऱ्याला, माझ्या मुलाला ठाऊक होते. त्यानेही तोंड उघडले नव्हते.

मी काय बोलणार? ज्या घराने माझ्या बहिणीला नाकारले त्याच्यावर मी इतकी वर्षे रागावलो. आणि आता माझ्याच घराची भीती बाळगून एक मुलगी औषध लपवत होती. बहिणीला तो आजार उरलाच नव्हता, तरी नाव चिकटले. सुनेला आजार होता, म्हणून नाव लपवले. आणि या लपवाछपवीत तिसरीचे, त्या पावणेतीन वर्षांच्या पोरीचे उत्तर चुकले. जगातली कुठलीही चाळणी घ्या. २०२२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी रक्ताचा थेंबही न काढता, फक्त लक्षणे, औषधे आणि दवाखान्याच्या फेऱ्या विचारून तिसऱ्या वर्षी धोका सांगणारी पद्धत मांडली आहे. तीही घरच्यांच्या खऱ्या उत्तरावरच चालते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टरांनी कागदावरचे 'नाही' खोडून 'आई - आहे' असे लिहिले. रागावले नाहीत. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. असं रोज घडतं." मग त्यांनी समजावले, की या उत्तराने नातीला पुढे दमा राहण्याची शक्यता वाढली आहे, खात्री झालेली नाही. औषध तिच्या आजच्या रात्री सुखाच्या व्हाव्यात म्हणून द्यायचे. भविष्य बदलण्यासाठी नाही. पंपाची सवय लागत नाही. घरात विडी-सिगारेटचा, डासांच्या उदबत्तीचा धूर नको. दर काही महिन्यांनी पाहू. पाच-सहा वर्षांची झाली, फुंकर मारून यंत्रावर मोजता आले, की अधिक नेमके सांगता येईल. "तोवर?" मी विचारले. ते म्हणाले, "तोवर दम धरा."

दम हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. मूळ अर्थ श्वास. मराठीने त्याला धीराचाही अर्थ दिला. डॉक्टरांना हे ठाऊक होते की नाही, कुणास ठाऊक.

त्या रविवारी बहीण घरी आली. पन्नाशी ओलांडली आहे तिने. रोज सकाळी फुटाळ्याला चालायला जाते. सगळे ऐकून तिने सुनेच्या पर्समधला पंप मागून घेतला आणि बैठकीतल्या कपाटावर, माझ्या चष्म्याशेजारी ठेवला. "याची जागा इथे," एवढेच म्हणाली.

नात आता साडेतीन वर्षांची आहे. या पावसाळ्यात दोनदा वाजली. पुढे काय होईल ते आज कुणालाच सांगता येत नाही, आणि तसे स्पष्ट सांगणारा डॉक्टर मिळाला हे आमचे नशीब. कपाटावर आता दोन पंप आहेत, एक मोठ्यांचा आणि एक नळकांडे लावलेला छोटा. पाहुणे येतात, पाहतात. कुणी विचारले तर सून स्वतःच सांगते.